वर्षभर वर्गात शुद्धलेखनाचे खेळ: 'दुसऱ्या' बरोबर लिहूनही फुली का पडते?

तिसरी-चौथीच्या वर्गात टीव्हीवर आणि टॅबवर खेळायचे शुद्धलेखनाचे खेळ आता बहुतेक शिक्षकांनी पाहिले आहेत. पर्याय निवडा, अक्षरं जुळवा, ऐका आणि लिहा हे प्रकार सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यामुळे त्यांची ओळख करून देत नाही. सशुल्क ॲपची वर्षाची वर्गणी संपत आली आहे. पुन्हा पैसे भरायचे का, हा प्रश्न माझ्यापुरता एका अक्षरापाशी अडला आहे: 'ऱ्या'मधला अर्धा र.

मूल 'दुसऱ्या' असं अगदी बरोबर टाइप करतं, पडद्यावर लाल फुली येते आणि खाली 'योग्य उत्तर' म्हणून तोच शब्द दिसतो, काना-मात्रेचाही फरक नसलेला. हुशार मूल अशा वेळी काय करतं? आपलं बरोबर उत्तर बदलतं. पुढच्या फेरीत 'दुसर्या' लिहून बघतं. शुद्धलेखन शिकवणाऱ्या साधनाने बरोबर लिहिणाऱ्याचाच विश्वास डळमळीत करावा, हे मला अजिबात मान्य नाही.

कारण तांत्रिक आहे आणि साधं आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, हा अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. एक, नुक्तावाला (खाली टिंब असलेला) 'ऱ', मग हलन्त (पाय मोडण्याचं चिन्ह), मग य. दोन, साधा र, हलन्त, न दिसणारं जोडचिन्ह आणि मग य. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण खेळ अक्षरं बघत नाही, आतले क्रमांक जुळवतो. यादी एका कीबोर्डवर टाइप झाली आणि मूल दुसऱ्यावर टाइप करत असेल, तर फुली ठरलेली. 'ॲप'चंही तसंच: 'ॲ' हे एकच चिन्ह असतं, किंवा अ आणि वरची चंद्रकोर अशी दोन चिन्हं.

तपासायचं कसं? शब्दांची यादी स्प्रेडशीटमध्ये घ्या आणि शेजारच्या रकान्यात लांबी मोजणारं 'लेन' (LEN) सूत्र लावा. नुक्तावाल्या र ने लिहिलेला 'दुसऱ्या' ७ येतो, जोडचिन्हाचा ८. 'ॲप' २ किंवा ३. मग 'शोधा आणि बदला' वापरून सगळी यादी एका पद्धतीची करा. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्डवर 'ऱ' हा शिफ्ट धरून र च्याच कळीवर मिळतो. रफार देऊन चुकीचा लिहिलेला 'दुसर्या'सुद्धा ७ च येतो, म्हणून मोजणी झाली तरी यादीवरून एकदा नजर फिरवावीच लागते. एवढं करूनही मुलांचा कीबोर्ड वेगळा असेल तर उपयोग नाही, म्हणून वर्गातल्या सगळ्या टॅबवर एकच कीबोर्ड ठेवा. खेळात एका प्रश्नाला दोन उत्तरं मान्य करायची सोय असेल तर दोन्ही रूपं घाला. आमच्या ॲपमध्ये ती नाही. मदत विभागाने 'ॲप काढून पुन्हा टाका' असं कळवलं, दोन्ही रूपांचे क्रमांक लिहून पाठवल्यावरही तेच उत्तर आलं.

एवढ्याशा रेघेवर इतका जोर कशाला, असं वाटू शकतं. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' डोंगरातल्या. 'आचार्यांना' बोलावलं की 'आचाऱ्यांना', यावर जेवण कोण करणार हे ठरतं. रफार आणि अर्धा र यांतला फरक तिसरीतच पक्का बसायला हवा.

अक्षरं जुळवण्याच्या खेळात गोंधळ निराळा. शब्द अक्षरांत न तोडता चिन्हांत तोडला जातो, मग 'विहीर'मधला 'व' एका ठोकळ्यावर आणि वेलांटी ठिपक्यांच्या गोलासकट दुसऱ्यावर. हाताने लिहिताना पहिली वेलांटी व च्या आधी काढणाऱ्या मुलाला इथे ती व च्या नंतर ठेवावी लागते. उपाय आहे: हा प्रकार सोडा, 'वाक्यातले शब्द लावा' हा प्रकार घ्या आणि शब्द 'वि ही र' असा मोकळ्या जागा देऊन भरा. प्रत्येक अक्षराचा सलग ठोकळा मिळतो. जोडाक्षरंही अशीच धड राहतात.

तयार याद्यांवर विसंबू नका. काही याद्या हिंदीवरून उचललेल्या असतात, त्यांत 'कवि', 'गुरु' बरोबर धरलेले दिसतात. मराठी साहित्य महामंडळाचे नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत भर पडून ते १८ झाले. त्यांप्रमाणे शेवटचा इकार-उकार दीर्घ: कवी, गुरू, बुद्धी. समासात मात्र कविवर्य, गुरुदक्षिणा. 'आणि' हा अपवाद. एका खेळात एकच नियम आणि ८ ते १० शब्द पुरेत. फूल-फुलाला, वीट-विटेला, गरीब-गरिबाला अशा जोड्या घेतल्या की दीर्घ कुठे ऱ्हस्व होतो ते मुलांना आपसूक दिसतं. चुकीचा पर्याय नेमक्या त्याच जागी चुकलेला हवा. चारही पर्याय वेगवेगळ्या चुकांचे दिले तर मूल नुसता अंदाज बांधतं आणि चुकीचं रूपच डोळ्यांत बसतं.

'ऐका आणि लिहा' हा प्रकार पहिल्या सत्रात मी निकामी ठरवला होता. यंत्राचा आवाज सपाट, आणि इंग्रजीच्या पद्धतीने आवाजावरून अक्षर ओळखायला लावणारा. मराठी बोलताना 'फूल' आणि 'फुल' यांतला फरक कानाला जवळजवळ कळत नाही, तिथे नियमच कामाला येतो. पण स्वतःच्या आवाजात चार-पाच सेकंदांचं वाक्य भरून शब्द त्यात बसवला, की हाच प्रकार सगळ्यांत कामाचा ठरतो. 'डोंगराच्या दऱ्या धुक्याने भरल्या' ऐकल्यावर ण-न, ळ-ल आणि अर्धा र या सगळ्यांचा कस लागतो. आता मी सर्वाधिक हाच वापरते.

टाइप करायला मात्र तिसरीला लावू नये. तिथे शुद्धलेखनापेक्षा कळ शोधण्याचीच परीक्षा होते. चार-पाच मुलांचा गट, गटात एक पाटी. आधी पाटीवर लिहायचं, पाटी वर धरायची, मग एकाने पडद्यावर पर्याय दाबायचा. वेळ ३० सेकंद ठेवा, लवकर दाबल्याचे जादा गुण बंद करा. ते चालू असले की वाचण्याआधी बोट पडतं. खेळ संपल्यावर बरोबर शब्द वहीत एकदा लिहून घ्या. नेट बेभरवशाचं असेल तर तास सुरू होण्याआधीच खेळ उघडून ठेवा.

पाटी, गट, स्वतःची यादी आणि आवाज एवढं सगळं मोफत आवृत्तीतही होतं. पैसे मोजायचे ते उत्तरं नीट तपासण्यासाठी, आणि नेमकं तेच इथे होत नाही. तुम्ही कुठलंही ॲप घेणार असाल तर चाचणीच्या काळात 'दुसऱ्या' दोन्ही पद्धतींनी टाइप करून बघा. एकही नाकारला गेला तर वर्गणी भरू नका. आमच्या शाळेची वर्गणी यंदा नव्याने भरायची नाही, अशी शिफारस मी दिली आहे.