डॅलस मावरिक्सची ५० नंबरची जर्सी, हाफसियाच्या फ्रिपमधली

मागितले ३५ दिनार, दिले २२. पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला ते पुढे येईलच.

आधी जागा. ट्युनिसच्या मदिनेत, म्हणजे जुन्या शहरात, हाफसियाला जुन्या कपड्यांचा मोठा बाजार भरतो. इथे त्याला फ्रिप म्हणतात. युरोपातून गासड्या येतात, फुटतात आणि टेबलांवर ढीग पडतात. माझी नोकरी रादेस बंदरात, कंटेनरच्या कागदपत्रांची. त्यामुळे या गासड्या मला आठवडाभर फक्त वजन आणि एचएस कोड, म्हणजे कस्टमचा मालाचा क्रमांक, म्हणून दिसतात. त्यातलं एक कापड हातात धरून बघायची हौस म्हणून मी शनिवारी फ्रिपला जाते.

दुसरं कारण असं, की माझी उंची पाच फूट नऊ इंच आहे. शाळेत मला ‘शिडी’ म्हणायचे, आणि शिडीला बाईच्या मापाचं काही होत नाही. कुर्ता घ्यावा तर कंबरेशी संपतो, बाही कोपराखाली पोचत नाही. बास्केटबॉलची जर्सी मात्र उंच माणसांसाठीच बेतलेली असते. फ्रिपमध्ये मी सरळ तोच ढीग उपसते.

ही निळी, छातीवर डॅलस, पाठीवर ५० आणि वर नाव. नाव वाचलं आणि भाव करायचं भानच राहीना. पहिला आकडा ऐकताच ‘चालेल’ म्हणणार होते. सालह मेज्री! एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, खेळलेला पहिला ट्युनिशियन. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या वार्षिक फेरीत, कुणी निवडला नव्हता, आणि डॅलसकडून पहिला सामना खेळला तेव्हा वय २९. त्या वयात बरेच खेळाडू गुडघे चोळत बसलेले असतात.

विक्रेत्याला हे काही ठाऊक नव्हतं असं नाही. पण तो पोरगा मोनास्तिरचा. त्याचा जीव यूएस मोनास्तिरवर, म्हणजे २०२२ साली रवांडातल्या किगालीत अंगोलाच्या पेत्रो दे लुआंडाला ८३–७२ हरवून आफ्रिकेच्या बास्केटबॉल लीगचा चषक आणला त्या संघावर. मेज्री पडला मुळात सूसच्या एतुआल द्यु साहेल या प्रतिस्पर्धी क्लबचा. त्यामुळे जर्सीला तो हातच असा लावत होता, जणू शेजाऱ्याचं वाळत घातलेलं धोतर. माझे १३ दिनार सुटले त्याचं श्रेय माझ्या घासाघिशीला कमी आणि या खुन्नशीला जास्त.

खरी की नकली हे कसं बघायचं? मेज्री डॅलसला २०१५ ते २०१९ होता. एनबीएच्या जर्सी २०१७ च्या उन्हाळ्यापर्यंत आदिदासच्या, नंतर नाइकीच्या. माझ्या जर्सीच्या खालच्या कडेला आदिदासची पट्टी आहे, म्हणजे ती त्याच्या पहिल्या दोन हंगामांतली असायला हवी. मग एनबीएचा छोटा लोगो बघायचा. तो २०१४–१५ पासून छातीवरून उचलून मागे मानेशी नेला. नकली माल शिवणारे इथेच फसतात. जुना नमुना समोर ठेवून छातीवर लोगो मारतात आणि पाठीवर नाव टाकतात २०१६ च्या खेळाडूचं. माझ्या जर्सीचा लोगो मानेशी आहे, जिथे असायला हवा तिथे. शिवण आतून दुहेरी, जाळीचं कापड एकसारखं, कुठे धागा ओढलेला नाही.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. मेज्री काही डॅलसचा मोठा तारा नोवित्स्की नव्हता. तो बाकावरून उठून यायचा, रिबाउंड घ्यायचा, ब्लॉक मारायचा, समोरच्याशी हुज्जत घालायचा आणि परत बाकावर. असल्या खेळाडूच्या नावाची जर्सी दुकानात टांगलेली नसते. ती कुणीतरी मुद्दाम नाव सांगून करून घेतली असणार. मार्सेय किंवा मिलानमध्ये राहणाऱ्या एखाद्या ट्युनिशियन मुलाने? मग ती टाकून का दिली? आईने कपाट आवरलं असेल. आया सगळीकडच्या सारख्याच.

पैसे देत होते तेवढ्यात शेजारच्या पट्ट्यांच्या दुकानातले म्हातारे गृहस्थ उठून आले. इथे वडीलधाऱ्या पुरुषाला ‘अम्मी’ म्हणतात, म्हणजे काका. माझ्या तोंडातून तो शब्द निघायला पहिले दोन महिने लागले. अम्मींनी जर्सी हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि अक्षरांवरून अंगठा फिरवला. मी म्हटलं, “मेज्री.” ते म्हणाले, “माजरी. सालह माजरी. आमच्या जेंदूबाचा.”

अरबीत तसंच आहे. मी इतकी वर्षं लॅटिन अक्षरं वाचून त्याचं नाव चुकवत होते.

मग अम्मी सुटले. जेंदूबा म्हणजे वायव्येकडचा गव्हाचा मुलूख, मेजेर्दा नदीचा. तिथला हा सात फूट दोन इंचांचा पोरगा. सूसहून बेल्जियममध्ये अँटवर्पला, तिथून स्पेनमध्ये ओब्रादोइरोला, मग रेआल माद्रिदच्या बास्केटबॉल संघाला. २०१५ साली माद्रिदने घरच्या मैदानावर ऑलिंपियाकोसला ७८–५९ हरवून युरोलीग जिंकली, त्या संघात तो होता. पण अम्मींना ना माद्रिदचं कौतुक, ना डॅलसचं. त्यांचं साल २०११. मादागास्करमधलं अंतानानारिवो, अंतिम सामना, समोर अंगोला, ६७–५६. ट्युनिशियाचा पहिला आफ्रिकी चषक, आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू माजरी. पुढच्या वर्षी लंडन ऑलिंपिकला अमेरिकेने ११०–६३ धुतलं, तेही त्यांनी तितक्याच अभिमानाने सांगितलं. “मार खायला तरी तिथे पोचावं लागतं, बेटी.” हे सगळं होईपर्यंत त्यांच्या दुकानातलं गिऱ्हाईक पट्टा न घेताच निघून गेलं.

आता वापराबद्दल. माप एक्सएल, लांबी माझ्या मांडीपर्यंत. उकाड्यात जाळीतून वारा छान खेळतो, सिरोक्को, म्हणजे सहाराचा गरम वारा, सुटला की दुसरं काही अंगावर नको वाटतं. बगलेची कापणी मात्र फार खोल आहे. बायकांनी आत टी-शर्ट घालावाच. रविवारी आम्ही चार-पाच जणी रादेसला सिमेंटच्या कोर्टवर खेळतो, तिथे दीड महिना रगडली, कापडाला काही झालं नाही.

तारा कापला तो दोन गोष्टींसाठी. उजव्या बगलेखाली बोटभर भोक होतं, ते आतून चिकटपट्टी लावून लपवलं होतं. घरी धुताना पट्टी सुटली तेव्हा कळलं. आणि पहिल्याच धुण्यात ‘जे’ अक्षराचं शेपूट वर आलं. परत घेऊन गेले तर पोरगा म्हणाला, “उख्ती (ताई), फ्रिपमध्ये परत नसतं.” ते मलाही माहीत आहे. पण चिकटपट्टी म्हणजे लबाडी झाली. भोक दाखवून १८ मागितले असते तर मी हसत दिले असते. शेवटी भोक मी रफू केलं आणि ‘जे’ कापडाच्या गोंदाने बसवला. इस्त्री अक्षरांवर चुकूनही फिरवू नका. जर्सी उलटी करून थंड पाण्यात हाताने धुवा.

त्या पोराकडे मी माझा नंबर ठेवलाय, रेआल माद्रिदची माजरीच्या नावाची आली तर कळव म्हणून. आत्तापर्यंत दोनदा फोन आला. दोन्ही वेळा फुटबॉलची निघाली.