लिटमन क्लासिक थ्री स्टेथोस्कोप : दोन वर्षं रोज वापरून मग लिहितेय

क्लिनिकल पोस्टिंग सुरू झाली तेव्हा घेतलेला हा स्टेथो. आता दोन वर्षं होत आली, रोज ॲप्रनच्या खिशात नाहीतर कॉलरवर असतो. मेडिकलला आल्यापासून मी घेतलेल्या सगळ्या वस्तूंमध्ये मला सगळ्यात जास्त आनंद यानेच दिलाय. ज्युनिअर्स विचारतात "ताई कुठला घेऊ", त्यांना मेसेजवर दोन ओळीत सांगून माझं समाधान होत नाही, म्हणून नीट लिहितेय.

आधी एका रात्रीबद्दल सांगते. फिजिओलॉजीत आपण सगळ्यांनी पाठ केलेलं असतं की श्वास आत घेतला की छातीतलं प्रेशर कमी होतं, हृदयाच्या उजव्या बाजूला जास्त रक्त येतं, ते बाहेर टाकायला उजव्या व्हेंट्रिकलला (खालच्या कप्प्याला) थोडा जास्त वेळ लागतो आणि म्हणून फुप्फुसाकडे जाणारी झडप, पल्मोनरी व्हॉल्व्ह, शरीराकडे जाणाऱ्या एऑर्टिक झडपेच्या किंचित मागून बंद होते. फिजिओलॉजिकल स्प्लिटिंग ऑफ एस टू, म्हणजे हृदयाच्या दुसऱ्या आवाजाचं, लब-डप मधल्या डपचं, दोन भागांत फुटणं. व्हायवात (तोंडी परीक्षेत) विचारलं की धडाधड सांगायचं आणि विसरायचं. तर स्टेथो घेऊन आठवडाच झाला असेल, रात्री अभ्यास संपवून रूममेटला म्हटलं अगं जरा आडवी हो ना, पंखा बंद केला, तिच्या डाव्या बाजूच्या दुसऱ्या इंटरकॉस्टल स्पेसमध्ये, म्हणजे बरगड्यांमधल्या जागेत, डायफ्राम (स्टेथोची चपटी पडद्याची बाजू) घट्ट दाबून धरला आणि डोळे मिटून बसले. लब-डप, लब-डप. काहीच वेगळं नाही. "आता हळूच मोठा श्वास घे, अजून घे, आता सावकाश सोड." चौथ्या की पाचव्या श्वासाला ऐकू आलं! श्वास आत जाताना तो डप फाटला, लब-डर्रप, लब-डर्रप असं, आणि श्वास सोडताना दोन्ही आवाज परत एकमेकांत मिसळून गेले. मी तिला उठवून तिच्याच कानात लावून दिला, मग तिने माझं ऐकलं, शेजारच्या खोलीतल्या दोघी आल्या, रात्री बाराला आम्ही चौघी आळीपाळीने एकमेकींची हृदयं ऐकत बसलो होतो. तरुण माणसात हे सहज ऐकू येतं, त्यामुळे तुमच्याकडे स्टेथो असेल तर आजच करून बघा.

आता वस्तूबद्दल. वजन साधारण 150 ग्रॅम, नळी 69 सेंटिमीटर, चेस्टपीसला, म्हणजे छातीवर टेकवायच्या भागाला, दोन बाजू, एक मोठी आणि एक लहान. लहान बाजू मुलांसाठी किंवा बारीक माणसाच्या बरगड्यांमध्ये नीट बसावी म्हणून, आणि तिचा डायफ्राम काढून रबरी रिम बसवली की ती साधी उघडी बेल, म्हणजे पडदा नसलेली वाटी, होते. पण याची खरी गंमत म्हणजे ट्यूनेबल डायफ्राम. डायफ्राम कडेच्या लवचिक रिमवर बसवलेला असतो, हलका टेकवला की मोकळा हलतो आणि खोल, जाडसर आवाज येतात, दाबला की ताणला जातो आणि बारीक, टोकदार आवाज स्पष्ट होतात. म्हणजे चेस्टपीस न फिरवता नुसत्या बोटांच्या दाबावर काम होतं.

हे वाचून कळत नाही, हातानेच कळतं. मेडिसिनच्या पोस्टिंगला एका आजींना मायट्रल स्टेनोसिस होता, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप अरुंद झालेली. युनिटमधले सगळे ऐकून आले, मी ऐकलं तर काहीच नाही, आणि नाही म्हणायची लाज वाटत होती पण म्हटलं मॅडम मला ऐकू येत नाहीये. मॅडमनी आजींना डाव्या कुशीवर वळवलं, माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "इतकं दाबायचं नाही गं, नुसतं टेकव, त्वचेवर सुकलेलं पान पडल्यासारखं." दाब कमी केला आणि एस टूच्या मागे एक खोल घरघर आली, लांबून ट्रक गेल्यासारखी. परत दाबलं, गेली. परत सोडलं, आली. तीन-चार वेळा केलं असेल, आजी शांतपणे पडून होत्या, मग हसून म्हणाल्या "सापडलं का बाळा?" तेव्हापासून दाब हा माझ्यासाठी वेगळाच विषय झालाय.

बीपी घेतानाही तेच. दंडाला बांधलेल्या कफमधली हवा सावकाश सोडत सेकंदाला दोन एमएमने पारा खाली येऊ दिला की शांततेतून एकदम जी पहिली थाप येते ना, टक्, ती मला अजून आवडते. कोरोटकॉफ या रशियन डॉक्टरने हे आवाज 1905 मध्ये सांगितले, आणि आपण अजून तीच पहिली थाप आणि तेच शेवटचं थांबणं टिपतो.

घेतल्यावर पहिल्या दिवशी बऱ्याच जणांना काहीच ऐकू येत नाही आणि पीस खराब आला असं वाटतं. तसं नसतं बहुतेकदा. एक तर इअरटिप्सचं तोंड नाकाच्या दिशेने हवं, कारण कानाची नळी तशीच पुढे झुकलेली असते. दुसरं, चेस्टपीस फिरवून क्लिक झालं का ते बघा, कारण एका वेळी एकच बाजू चालू असते, डायफ्रामवर बोटाने हलकेच टिचकी मारा, आवाज आला की ती बाजू चालू. इअरटिप्स मऊ आहेत आणि कानात गच्च बसतात, कान दुखत असतील तर दुसरी साइझ लावून बघा. माझा पहिला स्टेथो दुसऱ्याच कंपनीचा होता, त्याच्या टिप्स इतक्या कडक की राउंड संपेपर्यंत कान लाल व्हायचे, आणि कान दुखत असताना मर्मर (हृदयातला जास्तीचा घरघरीचा आवाज) ऐकायची इच्छाच राहत नाही हो.

सांभाळायचं म्हणाल तर नळी उघड्या मानेवर ठेवू नका, त्वचेच्या तेलाने ती हळूहळू कडक होते, कॉलरच्या वर ठेवा. अल्कोहोल वाइपने पुसा, प्रत्येक पेशंटनंतर पुसा, हे मी अगदी मनापासून सांगतेय. पाण्यात बुडवायचा नाही. वॉरंटी 5 वर्षं आहे. आणि नाव टाका त्यावर, वॉर्डमध्ये सगळ्यांचे सारखेच दिसतात.

लिटमनचाच वरचा मॉडेल, कार्डिओलॉजी फोर, घ्यावा का असं फार जण विचारतात. तो जड आहे, महाग आहे, आवाज अजून भरीव येतो. कार्डिओलॉजीच करायचं नक्की असेल तर घ्या. पण विद्यार्थी म्हणून आपल्याला जे ऐकायचंय ते सगळं यात येतं, अडतं ते कान तयार नसतात म्हणून. 1816 साली पॅरिसमध्ये रेने लेनेक या डॉक्टरने कागदाची घट्ट सुरळी करून एका तरुणीच्या छातीला लावली आणि त्याला हृदय आधीपेक्षा स्पष्ट ऐकू आलं, पुढे त्याने लाकडी नळी केली आणि त्याच नळीवर तो छातीचे आजार ओळखत होता. आम्ही वही गुंडाळून करून बघितलं, खरंच येतं ऐकू! मग वही ठेवून हा कानाला लावला तेव्हा आपल्या हातात काय आहे ते नीट कळलं.

पीडियाट्रिक्सला असताना एक पाच वर्षांचा मुलगा होता, स्टेथो बघितला की रडायचा. मी आधी डायफ्राम तळहातावर चोळून गरम केला, मग इअरटिप्स पुसून त्याच्या कानात घातल्या आणि लहान बाजू त्याच्याच छातीवर टेकवली. रडणं तिथेच थांबलं. तोंड उघडं, डोळे माझ्याकडे, आणि खूप वेळाने दबक्या आवाजात विचारलं, "कोण पळतंय आत?" लहान मुलांचं हृदय मुळातच आपल्यापेक्षा भरभर धावतं, म्हटलं तूच पळतोयस. दुसऱ्या दिवशी राउंडला गेले तर स्वतःच शर्ट वर करून बसला होता.