बिल पावडर कोटिंगचं, डिस्कवर स्प्रेचा रंग

मे महिन्यात सोलापुरात एका सहाचाकी ट्रकच्या सात डिस्क (टायर ज्यावर बसतो ती चाकाची लोखंडी चकती), स्टेपनी धरून, पावडर कोटिंगला गेल्या. 'टायर काढायची गरज नाही, टायरवाल्याची मजुरी वाचेल' असं सांगून काम घेतलं गेलं. सकाळी दिलेल्या डिस्क संध्याकाळी चकचकीत चंदेरी होऊन परत आल्या. बिलावर 'ब्लास्टिंगसह पावडर कोटिंग', म्हणजे बारीक कणांचा जोरदार मारा करून जुना रंग-गंज काढायचा आणि मग पावडर चढवायची. पावसाळा सरता सरता रिमच्या काठाला फुगे धरले आणि नटांखालून गंजाचे ओघळ उतरले.

'टायर न काढता' हे शब्द ऐकले तिथेच डिस्क उचलून घरी न्यायला हव्या होत्या. रंगाची कोरडी पावडर डिस्कवर चढवली की ती भट्टीत वितळून पक्की होते. त्यासाठी खुद्द धातू 180 ते 200 अंश सेल्सिअसला पोचून साधारण दहा मिनिटं तिथे राहावा लागतो. ट्रकची जाड डिस्क तापायलाच बराच वेळ जातो. टायर, ट्यूब, फ्लॅप यातलं काहीच त्या उष्णतेत टिकणार नाही. टायरला ग्रीस किंवा कागद लावून मारलेला रंग म्हणजे साधा स्प्रेच. लॉक रिंगची (टायर जागेवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी कड्याची) डिस्क असेल तर टायर काढायच्या आधी हवा पूर्ण सोडा आणि हे काम अनुभवी टायरवाल्याकडूनच करून घ्या. हवा भरलेली असताना उडालेली रिंग जीव घेते.

ताबा घेण्याआधी पांढऱ्या फडक्यावर एनसी थिनर (रंग पातळ करायचं द्रावण) घ्या आणि डिस्कच्या मागच्या बाजूला पंधरा-वीस वेळा घासा. हवेवर वाळलेला साधा रंग फडक्यावर उतरतो. नीट भाजलेली पावडर फार तर किंचित मंद होते. रंग चिकट झाला तर स्प्रे आहे किंवा भट्टीतून लवकर काढलंय. दोन्ही अवस्थांत पैसे देऊ नका.

सगळ्यात घातक लबाडी रंगाखाली असते. जुना रंग आणि गंज ब्लास्टिंगने न काढता वर पुट्टी भरली की पृष्ठभाग गुळगुळीत दिसतो आणि स्टडच्या (नट ज्यावर कसतात त्या बोल्टच्या) भोकापासून निघालेला तडाही झाकला जातो. तडा गेलेली डिस्क रंगवायची नाही, भंगारात घालायची. लहान चुंबक फिरवून बघा: पुट्टीवर त्याची पकड ढिली पडते. म्हणून ब्लास्टिंग झाल्यावर, रंग चढायच्या आधी स्वतः जाऊन डिस्क पाहायचीच. धातू करडा, खरखरीत, सगळीकडे एकसारखा दिसला पाहिजे, वेल्डिंगच्या कडेलाही. उघडा धातू हवेत लवकर गंजतो, म्हणून त्याच दिवशी पावडर चढली पाहिजे. जाडी 60 ते 80 मायक्रॉन पुरते. उन्हातल्या कामाला पॉलिएस्टर पावडर सांगा. नुसती इपॉक्सी सोलापूरच्या उन्हात खडूसारखी भुरभुरते.

नटांखालचे ओघळ मात्र नुसत्या गंजाचे समजू नका. नट ढिला असल्याची ती खूण असते. या डिस्कवर नट बसतो ती जागा आणि डिस्क हबला (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला) टेकते ती बाजू, दोन्हीकडे रंगाचे थर चढवले होते. चाक कसल्यावर जाड थर भारानं चेपतो, नटाचा ताण उतरतो आणि स्टड तुटू लागतात. या जागा भट्टीत टिकणाऱ्या टेपने आणि सिलिकॉनच्या बुचांनी झाकून घ्यायला सांगा. लॉक रिंगच्या खाचेतही जाड थर नको, रिंग पूर्ण बसत नाही. चाक चढवल्यावर सुमारे शंभर किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने (ठरलेल्या ताणापर्यंतच कसणाऱ्या पान्याने) नट पुन्हा तपासा.

डिस्क देताना प्रत्येकीवर ठोकलेला आकार आणि उत्पादनाची तारीख यांचा फोटो काढा, म्हणजे चांगली डिस्क बदलून हलकी गळ्यात मारता येणार नाही. बिलावर ब्लास्टिंग, पावडरचा प्रकार आणि जाडी लिहून घ्या. एकच ट्रक असून त्यावरच स्वतःचं पोट असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथे बिल आणि हे फोटो लागतात.