फोटो लहान कुठे करावा: अपलोडपूर्वी की ब्लॉक एडिटरमध्ये?

वरूड-मोर्शी पट्ट्यातील संत्रा उत्पादकांची कंपनी असो, वर्धा जिल्ह्यातील वायगावची हळद विकणारा महिला बचत गट असो किंवा ताडोब्याच्या मोहर्ली प्रवेशद्वाराजवळचा होमस्टे असो, यांचे संकेतस्थळ सांभाळण्यासाठी वेगळा माणूस नेमणे सहसा परवडत नाही. हिशेब लिहिणारी ताई, शाळेतील तंत्रस्नेही शिक्षक किंवा गावी परतलेला एखादा पदवीधर आपल्या मूळ कामातून वेळ काढून हे काम करतो. मजकूर लिहिणे त्यांना जड जात नाही. अडते ते फोटोंवर. वर्डप्रेस या संकेतस्थळ बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये डिसेंबर २०१८ च्या ५.० आवृत्तीपासून जो ब्लॉक एडिटर (मजकूर, फोटो असे वेगवेगळे तुकडे मांडून पान रचण्याचे साधन) आला, त्यात फोटो लहान करण्याच्या इतक्या वाटा आहेत की नेमकी कोणती धरावी हे कळत नाही, आणि ओळखीचे लोक तर सांगतात की फोटो आधी बाहेरच लहान करून आणा. या सल्ल्यात तथ्य आहे, पण त्यामागचे जे कारण सांगितले जाते, म्हणजे जड फोटोमुळे वाचकाला त्रास होतो, ते बहुतेक वेळा चुकीचे असते.

निवड करण्यापूर्वी एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. पानावर फोटो किती रुंद दिसतो ही एक गोष्ट आहे, आणि तो दाखवण्यासाठी वाचकाच्या फोनवर किती मोठी फाईल उतरते ही दुसरी. एडिटरमधील काही साधने फक्त पहिली गोष्ट बदलतात, काही दुसरी बदलतात, आणि काम करणाऱ्याच्या पडद्यावर दोन्हींचा परिणाम बराचसा सारखा दिसतो. १२ मेगापिक्सेलच्या फोनने काढलेला फोटो साधारणपणे ४००० बाय ३००० पिक्सेलचा आणि तीन ते पाच एमबी वजनाचा असतो, तर वर्डप्रेसच्या ‘ट्वेंटी ट्वेंटी-फाईव्ह’ या थीममध्ये (पानाच्या तयार साच्यात) मजकुराचा स्तंभ अवघा ६४५ पिक्सेल रुंद आहे. या दोन आकड्यांमधील अंतर कोणी आणि कुठे मिटवायचे, एवढाच खरा प्रश्न आहे.

कोपरा ओढणे आणि रिझोल्यूशन निवडणे

एडिटरमध्ये फोटोवर क्लिक केले की त्याच्या कडांवर छोटे गोल ठिपके दिसतात. माऊसने ते आत ओढले की फोटो प्रमाणात लहान होतो. ही सर्वांत सोपी रीत आहे. तिच्यात काहीही कायमचे बिघडत नाही आणि नको वाटले तर मूळ आकार लगेच परत आणता येतो. मात्र ओढण्याने बदलतात ते पानाच्या कोडमध्ये लिहिलेले रुंदी आणि उंचीचे आकडे. सर्व्हरवरील फाईल होती तशीच राहते. फाईल अवजड असेल तर हा प्रकार बंडीभर कापूस बाजारात नेऊन गिऱ्हाइकाला मूठभर दाखवण्यासारखा होतो. मोबाईलवरून काम करणाऱ्यांना बोटाने ते ठिपके पकडणे जिकिरीचे जाते, त्यांनी सेटिंग्जमधील रुंदीच्या चौकटीत सरळ आकडा लिहावा. परिणाम तोच आहे.

याउलट उजव्या बाजूच्या सेटिंग्जमध्ये ‘रिझोल्यूशन’ नावाची जी यादी आहे, ती फाईलच बदलते. फोटो अपलोड होताच वर्डप्रेस त्याच्या अनेक प्रती तयार करून ठेवते: १५० पिक्सेलचा कापलेला चौकोन म्हणजे ‘थंबनेल’, ३०० पिक्सेलची ‘मीडियम’ आणि १०२४ पिक्सेलची ‘लार्ज’ प्रत, शिवाय ७६८, १५३६ आणि २०४८ पिक्सेलच्या अशा प्रती, ज्या सहसा यादीत दिसत नाहीत पण पडद्यामागे वापरल्या जातात. नोव्हेंबर २०१९ च्या ५.३ आवृत्तीपासून फार मोठ्या फोटोची २५६० पिक्सेलची प्रत बनवून तिलाच ‘फुल साइज’ मानले जाते. फोनचा मूळ फोटो सर्व्हरवर पडून राहतो, पण तो वाचकाकडे जात नाही.

डिसेंबर २०१५ च्या ४.४ आवृत्तीपासून वर्डप्रेस वाचकाच्या ब्राउझरला या सगळ्या प्रतींची यादी देते आणि ब्राउझर आपल्या पडद्याला मानवेल ती प्रत उचलतो. मग यादीतून काय निवडले याला महत्त्व उरते का? उरते, आणि ते असे. ब्राउझरला प्रतींच्या यादीबरोबर ‘हा फोटो पानावर किती रुंद असेल’ असा एक अंदाजही दिला जातो, आणि तो अंदाज आपण निवडलेल्या आकारावरून ठरतो. ‘फुल साइज’ निवडले तर ब्राउझरला वाटते की फोटो खिडकीच्या पूर्ण रुंदीचा आहे. मग १३६६ पिक्सेल रुंदीच्या साध्या लॅपटॉपवर ६४५ पिक्सेलच्या स्तंभासाठी १५३६ ची प्रत उतरू शकते. ‘लार्ज’ निवडले असेल तर तिथे १०२४ च्या प्रतीवर काम भागते. नोव्हेंबर २०२४ च्या ६.७ आवृत्तीपासून पानाच्या खालच्या भागातील, म्हणजे गरज पडल्यावरच उतरणाऱ्या फोटोंसाठी ब्राउझरला प्रत्यक्ष रुंदी मोजू देण्याची सोय झाली आहे, पण ती ब्राउझरला समजली तरच उपयोगी पडते आणि पानाच्या वरच्या मोठ्या फोटोला तिचा लाभ मिळत नाही.

ब्लॉक एडिटर नवा फोटो सहसा ‘लार्ज’ आकारातच घालतो. अडचण तेव्हा होते जेव्हा फोटो ‘अधिक स्पष्ट दिसावा’ म्हणून कोणीतरी उत्साहाने ‘फुल साइज’ निवडतो, आणि तो फार मोठा वाटला की कोपरा ओढून लहान करतो. या जोडीइतकी महागडी आणि डोळ्यांना न दिसणारी चूक दुसरी नाही. उलट दिशेची चूक निदान दिसते तरी: ‘मीडियम’ निवडून फोटो स्तंभभर ओढला की ३०० पिक्सेलची फाईल ६४५ वर ताणली जाते आणि हळदीच्या पुडीचा पोत जाऊन पिवळा डाग तेवढा उरतो. फोटो धूसर दिसला की दोष फोनला न देता आधी ही यादी तपासावी.

माझे मत स्पष्ट आहे. मजकुरातील फोटोसाठी ‘लार्ज’ ठेवावे आणि त्यानंतर मांडणीसाठी हवे तेवढे ओढावे. फोनच्या पडद्याची रुंदी कागदोपत्री ३६० पिक्सेल असली तरी अनेक फोनवर प्रत्यक्षातले ठिपके तिप्पट, म्हणजे १०८० असतात. त्यामुळे १०२४ ची प्रत तिथेही स्पष्ट दिसते. ओढणे हे मांडणीचे साधन आहे. वजन कमी करण्याची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये.

मग आधी लहान करण्याचा फायदा कोणाला?

वरील विवेचनावरून लक्षात येईल की ‘लार्ज’ निवडलेले असेल तर चार एमबीचा फोटो जसाच्या तसा अपलोड केल्याने वाचकाचे फारसे नुकसान होत नाही. आधी लहान करण्याचा मुख्य लाभ अपलोड करणाऱ्याला आणि होस्टिंगला, म्हणजे संकेतस्थळ ज्या भाड्याच्या सर्व्हरवर ठेवलेले असते त्याला, होतो. धारणी-चिखलदऱ्याकडे नेटवर्क डळमळीत असते तेव्हा प्रत्येकी चार एमबीचे वीस फोटो म्हणजे ८० एमबी वर पाठवायचे असतात. तेच फोटो १६०० पिक्सेल रुंदीचे करून घेतले तर प्रत्येक फोटो बहुधा तीन-चारशे केबीत बसतो आणि सगळे मिळून सात-आठ एमबीत काम होते. सर्व्हरवरील जागेचाही हिशेब आहे. ४००० पिक्सेलच्या एका फोटोमागे मूळ फाईल, २५६० ची प्रत आणि सहा लहान प्रती अशा आठ फाईली जमा होतात, थीमने आणखी काही आकार मागितले असतील तर त्या वेगळ्या.

तिसरे कारण अधिक तातडीचे आहे. ४००० बाय ३००० म्हणजे एक कोटी वीस लाख पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरले तर फोटो उघडून त्याच्या प्रती बनवण्यासाठी सर्व्हरला एका वेळी जवळपास ४८ एमबी स्मृती लागते, मग फाईल डिस्कवर कितीही छोटी दिसो. स्वस्तातल्या होस्टिंगवर हे झेपत नाही आणि सर्व्हर फोटोवर प्रक्रिया करू शकत नाही, २५६० पिक्सेलपर्यंतचा फोटो द्यावा, असा संदेश येतो. कधी अपलोड सुरूच होत नाही, कारण वर्डप्रेस ज्या प्रोग्रामिंग भाषेवर चालते त्या पीएचपीची सर्व्हरवरील मूळ मर्यादा दोन एमबीची असते आणि ती कोणी वाढवलेली नसते. अशा ठिकाणी आधी लहान करणे हाच व्यवहार्य मार्ग आहे.

हे करायचे कसे, तर संगणक असेल तर विंडोजमधील पेंट पुरेसे आहे: ‘रिसाइझ’मध्ये पिक्सेल निवडून रुंदी १६०० लिहावी आणि प्रमाण कायम ठेवण्याची खूण तशीच राहू द्यावी. दर्जा आणि वजन समोरासमोर पाहून ठरवायचे असेल तर गूगलने २०१८ मध्ये आणलेले ‘स्क्वूश’ अधिक चांगले. ते ब्राउझरमध्येच चालते आणि फोटो कुठेही पाठवत नाही. पानभर पसरणारा मुख्य फोटो मात्र १६०० वर आणू नये, त्याला १९२० ते २५६० पर्यंत रुंदी ठेवावी.

गावाकडे फोटो येण्याची वाट बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅपची असते आणि तिथे साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो आधीच आकसलेला असतो, सहसा १६०० पिक्सेलच्या आसपास. कास्तकाराने वावरातून पाठवलेला असा फोटो पुन्हा लहान करू नये; तो पुन्हा दाबला की पानांच्या कडा आणि फळांच्या सालीवरचे बारकावे पुसट होतात, आणि वर्डप्रेस प्रती बनवताना आपल्या परीने आणखी एकदा दाबतेच. मोठ्या मुख्य फोटोसाठी मूळ फाईल डॉक्युमेंट म्हणून मागवावी.

क्रॉप, अ‍ॅस्पेक्ट रेशो आणि स्केल

ऑगस्ट २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून फोटो ब्लॉकमध्येच क्रॉप करता येतो. कातरलेला फोटो मीडिया लायब्ररीत, म्हणजे अपलोड केलेल्या फोटोंच्या साठ्यात, नवी प्रत म्हणून जतन होतो आणि मूळ फोटो सुरक्षित राहतो. कडेला आलेली मोटारसायकल किंवा फवारणीचा पंप काढून टाकायचा असेल तर हेच वापरावे.

ऑगस्ट २०२३ च्या ६.३ आवृत्तीत आलेले ‘अ‍ॅस्पेक्ट रेशो’ वरवर सारखे दिसते, पण ते फाईलला हात लावत नाही. ते फोटोला चौरस किंवा ४:३ अशी खिडकी लावते आणि उरलेला भाग झाकून ठेवते. उत्पादनांच्या पानावर कोणी उभा, कोणी आडवा फोटो दिला असेल आणि संत्रा, हळद, मिरची पूड एका रांगेत मांडायची असेल, तर दहा फोटो कातरत बसण्यापेक्षा सर्वांना एकच प्रमाण लावणे कितीतरी सोपे आहे. उद्या प्रमाण बदलावेसे वाटले तरी काही गमावलेले नसते. झाकलेला भागही वाचकाकडे उतरतो, पण ‘लार्ज’ ठेवलेले असेल तर हा तोटा किरकोळ आहे. ‘थंबनेल’ निवडून चौरस साधण्याचा मोह मात्र टाळावा. तो मधोमध कापतो, आणि ग्रामसभेच्या फोटोत सरपंच नेमके कडेला उभे असले की संकेतस्थळाचा विषय पुढच्या ग्रामसभेत निघतो.

मीडिया लायब्ररीत फोटोचे पिक्सेल कमी करणारे जे ‘स्केल’ आहे, त्याची शिफारस मी करणार नाही. त्याने फोटो लहानच करता येतो, मोठा नाही, आणि आधी प्रसिद्ध झालेल्या पानांवर बदल आपोआप दिसेलच असेही नाही.

अक्षरे असलेले फोटो

ग्रामपंचायतीची सूचना, बाजार समितीच्या भावांचा फलक, माती परीक्षणाचा अहवाल अशा फोटोंना वरचा ‘लार्ज’चा नियम लागू पडत नाही, कारण १०२४ पिक्सेलमध्ये बारीक अक्षरे वाचता येत नाहीत. मजकूर टंकणे शक्य असेल तर टंकावाच, कारण तो कोणत्याही फोटोपेक्षा हलका असतो आणि शोधताना सापडतो. शिक्का आणि सहीसह मूळ कागद दाखवायचाच असेल तर फोटो आधी लहान करू नये, पानावर मध्यम आकारात ठेवावा आणि नोव्हेंबर २०२३ च्या ६.४ आवृत्तीत आलेली ‘क्लिक केल्यावर मोठा होण्याची’ सोय सुरू करावी. पूर्ण आकाराची फाईल मग ज्याला वाचायची आहे त्याच्याकडेच उतरते.

जुनी पाने हातात असतील तर सगळे फोटो पुन्हा अपलोड करण्याच्या भरीस पडू नये. सेटिंग्जमधील ‘मीडिया’ पानावर आकार बदलूनही जुने फोटो सुधारत नाहीत, तो बदल पुढच्या अपलोडपासून लागू होतो. आंबिया बहराची फळे बाजारात येण्यापूर्वी मुखपृष्ठ आणि उत्पादनांचे पान ही दोन पाने एडिटरमध्ये उघडावीत, एकेका फोटोवर क्लिक करून जिथे जिथे ‘फुल साइज’ दिसेल तिथे ‘लार्ज’ करावे, पानभर पसरलेला मुख्य फोटो तेवढा वगळावा, आणि पान अपडेट करून ते वाय-फायवर न तपासता वावरात उभे राहून मोबाईल डेटावर उघडून पाहावे.