मेमटेस्ट८६ (मेमरी तपासायचं सॉफ्टवेअर): अण्णांचा ट्रक रोज का बंद पडतोय ते यानं एका रात्रीत दाखवलं

अण्णा एसटीत चालक होते. मिरज डेपो, एकतीस वर्षं. त्यातली बरीचशी रत्नागिरीच्या गाडीवर गेली, त्यामुळे आंबा घाट त्यांना वळणावळणानं पाठ. निवृत्तीनंतर गुडघे इतके दुखायला लागले की गाडी चालवणं सुटलं. मग भावानं त्यांना माझ्या कॉम्प्युटरवर ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ टाकून दिला, सोबत स्टिअरिंग आणि पेडल आणले. प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअरचा २०१२ सालचा हा गेम. माल भरायचा, युरोपभर पोहोचवायचा. अण्णा त्यात ब्रिटनमध्येच जास्त रमतात, कारण तिथं आपल्यासारखं डावीकडून चालवायचं असतं. संध्याकाळी सहा ते आठ कॉम्प्युटर त्यांचा, बाकी दिवसभर माझा. मी घरीच डीटीपी करते, लग्नपत्रिका, बिलबुकं, वाढदिवसाचे बॅनर.

यंदा श्रावणात गेम बंद पडायला लागला. ट्रक चांगला पळत असताना चित्र थिजायचं, आवाज घरघरायचा आणि समोर डेस्कटॉप. कधी दहा मिनिटांत, कधी दीड तासानं. अण्णा काही बोलायचे नाहीत. स्टिअरिंगवरचे हात तसेच राहायचे, मग हळूच खाली यायचे. मला ते बघवायचं नाही.

मी जे जे माहीत होतं ते सगळं करून बघितलं. स्टीममध्ये, म्हणजे गेम जिथून घेतला त्या सॉफ्टवेअरमध्ये, गेमच्या फायली तपासून घ्यायची सोय असते, ती चालवली. फायली ठीक निघाल्या. भावानं टाकलेले मॉड, म्हणजे गेमला वरून जोडलेल्या गोष्टी, काढले, त्यात त्यांची आवडती लाल बससुद्धा गेली. ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, मुळापासून काढून पुन्हा टाकला. तापमान बघितलं, पंख्यातली धूळ ब्रशनं काढली. दोन दिवस बरं चालायचं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

शेवटी मशीन एका दुकानात नेलं. तिथं अर्धा तास गेम चालवून बघितला आणि ‘ग्राफिक कार्ड गेलंय, नवीन टाकावं लागेल’ असं सांगितलं. सोळा हजार. अण्णांनी विचारलं, ‘खात्री आहे का?’ उत्तर आलं, ‘टाकून बघू.’ अण्णा मशीन उचलून घरी घेऊन आले. वर्कशॉपात कुणी तपासल्याशिवाय पार्ट बदलला असता तर मेमो मिळाला असता, एवढंच रिक्षात म्हणाले.

घरी येऊन त्यांनी एक वही केली. गेम बंद पडला की तारीख, वेळ, कोणत्या रस्त्यावर, किती वेळ चालवल्यावर. एसटीत बिघाडाची नोंद करतात तशी. आठवड्यानं वही माझ्यासमोर ठेवली. ‘डोव्हरहून निघताना. कार्लाइलच्या पुढं. कार्डिफला ट्रक उभा असताना. ग्लासगोत डिझेल भरताना. बघ की पोरी, एकाच ठिकाणी दोनदा बंद पडला नाही. रस्ता खराब असता तर तिथंच पडला असता. गाडीच कुठंतरी सैल आहे.’

हे वाक्य ऐकलं तेव्हा मला पहिल्यांदा नीट दिशा मिळाली. गेमच्या फायलीत किंवा मॉडमध्ये दोष असला तर तो बहुतेक ठरलेल्या जागी, ठरलेलं काही केल्यावर पाय अडकवतो. हा कुठंही, कसाही पडत होता. मग मी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे त्याच्या बिघाडांच्या नोंदवहीत, अण्णांच्या वहीतल्या वेळा लावून नोंदी काढल्या. प्रत्येक क्रॅशला तिथं दोषी फाइलचं नाव येतं. एकदा खुद्द गेमचं, एकदा ग्राफिक ड्रायव्हरच्या फायलीचं, दोनदा विंडोजच्या स्वतःच्या फायलीचं. कारण मात्र बहुतेक वेळा तेच, ‘अॅक्सेस व्हायोलेशन’, म्हणजे प्रोग्रामनं मेमरीत भलत्याच जागी हात घातला. आणि मला आठवलं, त्याच महिन्यात एका गिऱ्हाइकानं पाठवलेली फोटोंची झिप फाइल उघडताना सीआरसीची चूक (फाइल बिघडलीय असं सांगणारी) आली होती आणि तीच फाइल दुसऱ्यांदा बिनतक्रार उघडली होती. मी तेव्हा दुर्लक्ष केलं. फाइल तीच असून एकदा बिघडलेली आणि एकदा बरोबर दिसते, तर बिघाड फायलीत नसतोच.

रॅमवर, म्हणजे चालू काम जिथं ठेवलं जातं त्या मेमरीवर, संशय आला. आधी विंडोजमधलं मेमरी डायग्नोस्टिक चालवलं. वीसेक मिनिटांत ‘काही दोष नाही’ म्हणून मोकळं झालं. (ते सुरू असताना एफ१ दाबून ‘एक्स्टेंडेड’ निवडता येतं हे मला नंतर कळलं, आणि त्याला कितीतरी जास्त वेळ लागतो.) मग मी मेमटेस्ट८६ उतरवून घेतलं. हा रिव्ह्यू त्याचा आहे.

मेमटेस्ट८६ ख्रिस ब्रेडी यांनी १९९४ मध्ये लिहिलं. २०१३ पासून ते सिडनीच्या पासमार्क कंपनीकडं आहे. पैसे देऊन घ्यायच्या आवृत्त्याही आहेत, पण घरच्या माणसाला फुकट आवृत्ती पुरते. मोठा फरक असा की हे विंडोजमध्ये चालतच नाही. पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करायचा. विंडोज चालू असताना रॅमचा बराच भाग त्याच्याच ताब्यात असतो, तो भाग तपासणार कोण? इथं विंडोज उठलेलंच नसतं, म्हणून जवळजवळ सगळी रॅम चाचणीला मोकळी सापडते.

तयारी सोपी आहे. उतरवलेल्या झिपमध्येच ‘इमेजयूएसबी’ नावाचं छोटं सॉफ्टवेअर येतं, त्यातून पेनड्राइव्ह तयार होते. तिच्यावरचं सगळं पुसलं जातं, म्हणून कामाची पेनड्राइव्ह चुकूनही लावू नका. मग मशीन बंद, पेनड्राइव्ह लावून पुन्हा सुरू, बूट मेनूतून (कॉम्प्युटर कशावरून सुरू करायचा त्या यादीतून) ती निवडायची. बूट मेनूचं बटण प्रत्येक बोर्डाचं वेगळं, माझ्याकडं एफ११ आहे. सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी सॉफ्टवेअरवरून मशीन सुरू होऊ न देणारं कुलूप, बंद करावं लागलं नाही. काही सेकंद थांबलं तर चाचणी आपोआप सुरू होते.

रात्री साडेदहाला लावली. स्क्रीनवर रॅम किती, तिचा वेग किती, प्रोसेसरचं तापमान, आणि चाचण्यांचे क्रमांक पुढं सरकताना दिसतात. शून्यापासून तेरापर्यंत क्रमांक आहेत. काहींमध्ये सगळीकडं शून्य लिहून मग एक लिहून परत वाचून बघतात, काहींमध्ये नुसतेच वेडेवाकडे आकडे. ‘बिट फेड’ नावाची एक मला फार आवडली. तीत मेमरीत लिहायचं, काही मिनिटं गप्प बसायचं आणि मग लिहिलेलं टिकलंय का ते बघायचं. शेवटची ‘हॅमर’, ती मेमरीतल्या एकाच ओळीवर इतक्या वेळा घाव घालते की शेजारच्या ओळीतला आकडा हलतो का ते कळावं. अशा चार फेऱ्या होतात. फुकट आवृत्तीला तेवढीच मर्यादा आहे, हव्या असतील तर संपल्यावर पुन्हा सुरू करायच्या.

पहिली फेरी साफ गेली. मला वाटलं, गेले कष्ट वाया. झोपले.

अण्णांना पहिल्या गाडीच्या वेळेला उठायची सवय अजून आहे. साडेचारला त्यांनीच मला हाक मारली. ‘पोरी, लाल आलंय.’

स्क्रीनच्या खालच्या भागात लाल ओळी होत्या. दुसऱ्या फेरीपासून सुरू झालेल्या, तोवर एकवीस चुका. प्रत्येक ओळीत मेमरीतला पत्ता, काय असायला हवं होतं आणि काय सापडलं. एका ओळीत आठ शून्यं हवी होती आणि मधल्या एका शून्याच्या जागी ४ होता. खालच्या ओळीतही त्याच जागी गडबड. पत्ते बघितले तर सगळे एकमेकांच्या जवळचे. सोळा जीबीतला एवढासा कोपरा. गेम चालताना त्या कोपऱ्यात काय येऊन बसेल याचा नेम नसतो. कधी रस्त्याचं चित्र, कधी ड्रायव्हरचा एखादा आकडा. म्हणून कधी डोव्हर, कधी कार्लाइल. अण्णा लाल ओळींवर बोट फिरवत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना मला दिसला. गेले दोन महिने त्यांना वाटत होतं की स्टिअरिंग आपण जोरात फिरवतो म्हणून बिघडतंय. हे त्यांनी तेव्हा सांगितलं, त्याआधी कधीच नाही.

एक लक्षात ठेवा, चूक दिसली म्हणजे लगेच स्टिक (रॅमची पट्टी, माझ्याकडं दोन आहेत) फेकायची नाही. दोष सॉकेटचा, बोर्डाचा किंवा चढवलेल्या वेगाचाही असू शकतो. मी बायॉसमध्ये (विंडोजच्या आधीच्या, बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमचा वेग चढवायची सोय, बंद केलं, आणि रॅम साध्या वेगावर आली. पुन्हा चाचणी, पुन्हा लाल. मग वायर काढून कॅबिनेट उघडलं. दोन्ही बाजूंची क्लिप दाबली की स्टिक ‘टक्’ करून वर येते. तिच्या सोनेरी दातांवर काळपट पुटं होती, ती खोडरबरानं हलक्या हातानं पुसली आणि चुरा फुंकून टाकला. मग एकच स्टिक एकाच सॉकेटमध्ये लावून चार फेऱ्या, नंतर त्याच सॉकेटमध्ये दुसरी. पहिली स्वच्छ निघाली. दुसरीनं पहिल्याच फेरीत नऊ चुका दिल्या. यात दोन रात्री गेल्या, पण आता शंकेला जागा नव्हती.

चुका किती चालतात, असं बरेच जण विचारतात. एकही नाही. फक्त हॅमरच्या चाचणीत एखादी आली आणि बाकी सगळं साफ असेल तर घरच्या वापराला फारशी काळजी नसते, एवढाच अपवाद.

आता उण्या बाजू. मराठी नाही, आणि लाल ओळींतले आकडे पहिल्यांदा बघणारा माणूस घाबरतो. माझ्या मशीनवर तरी दोन्ही स्टिक लावलेल्या असताना यानं कोणती खराब ते सांगितलं नाही, ते काढघाल करूनच शोधावं लागलं. वेळ फार खातं. वीज जाणाऱ्या भागात यूपीएस नसेल तर रात्रभराची मेहनत एका क्षणात जाते. ग्राफिक कार्डाची मेमरी हे तपासत नाही, त्यामुळे सगळं साफ आलं तरी क्रॅशचं कारण दुसरीकडं असू शकतं. आणि जुन्या बायॉसच्या मशीनवर नवी आवृत्ती सुरूच होत नाही. तसल्या मशीनला मेमटेस्ट८६ प्लस घ्या. नावं सारखी असली तरी ती वेगळी, पूर्ण मुक्त सॉफ्टवेअरची शाखा आहे आणि जुन्या-नव्या दोन्ही मशीनवर चालते. माझ्या दहा वर्षं जुन्या बिलिंगच्या कॉम्प्युटरवर मी तीच चालवली.

तरीही माझ्याकडून पाचपैकी पाच. सोळा हजारांचं कार्ड टाकून घेतलं असतं तर गेम तसाच बंद पडत राहिला असता आणि अण्णांनी तो बंद करून ठेवला असता. गेम कुठंही, कसाही बंद पडत असेल, दोषी फायलीचं नाव दर वेळी बदलत असेल, मधूनच एखादी झिप उघडत नसेल, तर ड्रायव्हर तिसऱ्यांदा टाकण्याआधी एक रात्र याला द्या.

रॅमवर वॉरंटी होती. स्क्रीनचे मोबाइलवर काढलेले फोटो आणि कोणत्या सॉकेटमध्ये कोणती स्टिक लावून तपासली ते लिहिलेला कागद सोबत पाठवला. एकही प्रश्न न विचारता बदलून दिली, सतरा दिवस लागले. तोवर आठ जीबीवर काम भागवलं. बॅनरच्या मोठ्या फायली रडत उघडायच्या, पण ट्रक एकदाही थांबला नाही.

नवी स्टिक आली त्या दिवशी अण्णा सहा वाजता स्टिअरिंग लावून बसले होते. मी म्हटलं, अण्णा, आज रात्री आधी चाचणी, उद्यापासून चालवा. त्यांनी लगेच स्टिअरिंगची वायर काढून गुंडाळून ठेवली. चारही फेऱ्या साफ गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्लायमाउथहून अॅबर्डीनचा माल घेतला, आणि भावाला फोन करून लाल बसचं मॉड परत टाकायला सांगितलं.