कल्ट ऑफ द लॅम्ब: लढाई आत, घड्याळ वस्तीवर

मेलबर्नच्या मॅसिव्ह मॉन्स्टर या छोट्या स्टुडिओने केलेला आणि डेव्हॉल्व्हर डिजिटलने ११ ऑगस्ट २०२२ रोजी आणलेला 'कल्ट ऑफ द लॅम्ब' हा व्हिडिओ गेम पहिल्याच आठवड्यात दहा लाख खेळाडूंपर्यंत पोहोचला. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम इंडी, म्हणजे स्वतंत्र स्टुडिओच्या, खेळासाठी त्याला नामांकनही होतं. पुरस्कार 'स्ट्रे'ला गेला. यात डंजनमध्ये, म्हणजे शत्रूंनी भरलेल्या खोल्यांत, लढायचं आणि परत येऊन आपल्या पंथाची वस्ती सांभाळायची. समीक्षकांचं मत एकंदरीत चांगलं पडलं. चित्रशैली आणि संगीताचं जवळजवळ सगळ्यांनी कौतुक केलं. तक्रारी दोनच, पण त्या पुन्हा पुन्हा आल्या: 'हेडीज' या गाजलेल्या खेळाच्या शेजारी ठेवली तर लढाई उथळ वाटते, आणि शेवटी शेवटी वस्ती सांभाळणं हे नुसतं काम होऊन बसतं.

दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. पण बहुतेक परीक्षणांनी लढाईला वेगळे गुण दिले, वस्तीला वेगळे, आणि मग सरासरी काढली. हा खेळ तसा तोलता येत नाही. त्याचं सगळं बळ या दोन भागांना बांधणाऱ्या एका दोरीत आहे: तुम्ही डंजनमध्ये असता तेव्हाही वस्तीतली वेळ थांबत नाही.

कथा थोडक्यात अशी. आपण एक कोकरू. जुन्या पंथाचे चार धर्माधिकारी आपला बळी देतात, आणि त्यांनीच साखळदंडात ठेवलेला एक देव आपल्याला लाल मुकुट देऊन परत पाठवतो. अट एकच, त्याच्या नावाने पंथ उभा करायचा. डार्कवुड, अनुरा, अँकरडीप आणि सिल्क क्रेडल असे चार प्रदेश, प्रत्येकाचा एकेक धर्माधिकारी. प्रत्येक प्रदेशात आधी तीन छोटे बॉस, म्हणजे तगडे शत्रू, मग तो धर्माधिकारी हाच मुख्य बॉस. वाटेत जे प्राणी सोडवाल ते वस्तीत अनुयायी म्हणून येतात. कथा संपायला साधारण १५ तास लागतात.

आता दोरीबद्दल. वस्तीत श्रद्धा, भूक आणि आजारपण असे तीन पट्टे दिसतात. अनुयायी खातात, झोपतात, जागोजागी घाण करतात, म्हातारे होतात आणि मरतात. घाण उचलली नाही तर आजार पसरतो. आजारी माणूस काम सोडतो आणि ओकतो, त्याने घाण आणखी वाढते. प्रेत पडून राहिलं तर तेच, शिवाय बाकीच्यांची श्रद्धा ढासळते. श्रद्धा फार खाली गेली की एखादा बंडखोर होऊन इतरांचे कान भरायला लागतो. हे सगळं तुम्ही तिकडे बॉसशी लढत असताना सुरू असतं. त्यातून डंजनमध्ये मेलात तर मिळवलेल्या मालातला काही भाग जातो आणि श्रद्धाही घसरते.

म्हणून डंजनच्या फेरीला निघण्याआधीची तयारी हाच या खेळातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय. क्रम असा ठेवा. सकाळी आधी मंदिरात प्रवचन, कारण ते दिवसातून एकदाच मिळतं आणि त्यातूनच मुकुटाची, म्हणजे शस्त्रांची आणि मंत्रांची ताकद वाढते. मग पूजास्थळावर साठलेली भक्ती गोळा करा. नव्या इमारती तिच्यावरच खुल्या होतात. मग सफाई, मग शेताला पाणी आणि सगळ्यात शेवटी, निघता निघता, स्वयंपाक. पहिल्या काही दिवसांत गवताची पेज सहज होते म्हणून तीच वाढली जाते, आणि अर्धी वस्ती आजारी पडते ती तिथेच. गवत खायला लोक कुरकुरणार नाहीत असा पंथाचा सिद्धांत, म्हणजे नियम, निवडला नसेल तर बेरी आणि मासळीवर भर द्या. आजार झालाच तर उपचारघर लागतं आणि तिथे कॅमेलियाची फुलं खर्च होतात, म्हणून ती सगळी विकून टाकू नका.

इमारतींत शौचालय लवकर घ्या. त्यातला माल शेतात खत म्हणून जातो, त्यामुळे एका खर्चात आजार आणि भूक दोन्हींवर उपाय होतो. शेताजवळ बुजगावणं हवं, नाहीतर पेरलेलं पक्षी खातात. सुरुवातीच्या झोपण्याच्या जागा मोडतात आणि दुरुस्ती मागतात. लाकूड संपलेलं असताना त्या मोडल्या की श्रद्धेला फटका बसतो, तेव्हा थोडं लाकूड कायम बाजूला राहू द्या.

डंजनमध्येही ही दोरी दिसते. प्रत्येक टप्प्यावर नकाशा दोन-तीन वाटा दाखवतो: इकडे लाकूड, तिकडे अन्न, पलीकडे नवा अनुयायी, कुठे त्या फेरीपुरती ताकद देणारे टॅरो पत्ते. वस्तीत धान्य संपत आलंय हे डोक्यात असेल तर अन्नाची वाट धरावी लागते, मग लढाईसाठी उपयोगी पत्ता पलीकडच्या वाटेवर का असेना. ही ओढाताण पहिल्या दोन प्रदेशांत फार सुंदर जमली आहे. लढाई साधी आहे हे तिथे जाणवतच नाही, कारण प्रत्येक खोलीत शिरताना मागे काय चाललं असेल याची धाकधूक असते.

लढाईबद्दल समीक्षक म्हणतात ते असं. तलवार, खंजीर, कुऱ्हाड, पंजे, हातोडा यांसारखं एक शस्त्र फेरीच्या सुरुवातीला नशिबाने हाती येतं. सोबत एक मंत्र. तो शत्रूंना मारून मिळणाऱ्या ऊर्जेवर चालतो. बाकी कोलांटी मारून वार चुकवायचा. 'हेडीज'मध्ये एका फेरीत वरदानांचे जे मेळ बसवता येतात, तसं इथे काही नाही, आणि फेरी दहा-पंधरा मिनिटांत संपते. हातोडा आला की अनेकांचा विरस होतो, कारण त्याचा वार उशिरा पडतो. त्यावर उपाय असा: शत्रू हल्ल्यासाठी थांबतो त्याच्या क्षणभर आधी वार सुरू करायचा, आणि गर्दीत शिरायचंच नाही. नव्या माणसाला रक्तपिपासू जातीचं शस्त्र मिळालं तर तेच घ्यावं, त्याने गेलेला जीव थोडा थोडा परत मिळतो. लढाई सोपी वाटत असेल तर कोकराच्या अंगावर सोनेरी लोकर चढवा. मारलेल्या प्रत्येक शत्रूमागे तुमचा मार १० टक्क्यांनी वाढतो, एक फटका बसला की वाढ शून्यावर येते, आणि तुम्हाला बसणारा मार दुप्पट. या एका लोकरीने लढाईला जी धार येते ती मूळ रचनेतच असायला हवी होती.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. तिसऱ्या-चौथ्या प्रदेशापर्यंत सफाईला माणूस, शेताला माणूस, स्वयंपाकालाही माणूस मिळतो, आणि मोहिमेवर पाठवलेले अनुयायी न लढता सामान घेऊन येतात. वस्ती आपली आपण चालायला लागली की दोरी सैल पडते. मग डंजनमध्ये घाई उरत नाही, आणि घाई नसली की लढाईचा साधेपणा उघडा पडतो. माझ्या मते समीक्षकांच्या दोन तक्रारींचं मूळ हे एकच आहे. रचनाकारांनी सोय वाढवत नेली, पण वस्तीपुढची संकटं त्या प्रमाणात वाढवली नाहीत. हे टाळायचं असेल तर पहिल्यापासून हार्ड पातळी निवडा आणि सगळी कामं एकदम माणसांवर सोपवू नका.

सुरुवातीला तांत्रिक दोषही बरेच होते: अनुयायी एका जागी अडकणं, कामं पूर्ण होऊनही नोंद न होणं, आणि निन्टेंडो स्विचवर वस्ती मोठी झाली की फ्रेमरेट कोसळून चित्र अडखळणं. पुढच्या पॅचमध्ये त्यातलं पुष्कळ दुरुस्त झालं. एप्रिल २०२३, जानेवारी २०२४ आणि ऑगस्ट २०२४ अशा तीन मोठ्या सुधारित आवृत्त्या फुकट आल्या. पहिलीने जड वार आणि कथेनंतरच्या लढाया दिल्या, दुसरीने पाप, मद्य आणि अंड्यातून येणारी पिल्लं आणली, तिसरीने दोघांनी मिळून खेळायची सोय केली. पदार्पणाच्या आठवड्यात लिहिलेली परीक्षणं वाचून निर्णय घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

परदेशी परीक्षणांत गोंडस आणि भयानक यांचा मेळ म्हणून ज्याचं कौतुक होतं, ते महाराष्ट्रातल्या खेळाडूला अधिक खोल लागेल. बुवाबाजीविरुद्ध इथे दीर्घ लढा झाला आहे आणि २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्यातूनच आला. हा खेळ तुम्हाला बुवाच्या जागी बसवतो आणि ती यंत्रणा आतून कशी चालते ते दाखवतो. आज्ञेच्या दगडाचे तीन तुकडे जमले की एक नवा सिद्धांत जाहीर करायचा, दोनपैकी एक, आणि तो बदलता येत नाही. अन्नाच्या बाबतीतला एक विधी मेजवानीचा, दुसरा उपवासाचा. शेत बुडालं, कोठार रिकामं, आणि तुम्ही उपवासाचा विधी जाहीर केलात की काही दिवस कोणाला भूकच लागत नाही. चूक नेत्याची, पुण्य भक्तांच्या पोटावर. लोकांना लाच द्यायची की त्यांच्याकडून देणगी उकळायची, असाही एक पर्याय समोर येतो. खेळ यावर भाषण देत नाही. आकडे वर-खाली होतात आणि तुम्हाला सोयीचं ते तुम्ही निवडता. एवढं नेमकं लिखाण या प्रकारच्या खेळांत क्वचित सापडतं, आणि परीक्षणांनी त्याला फार कमी जागा दिली.

ठाणे-वाशी लोकलने रोज जाणाऱ्यांकडे स्टीम डेक किंवा स्विच हे हातात धरून खेळायचं यंत्र असेल तर खेळाची लांबी सोयीची आहे: अर्ध्या तासाच्या प्रवासात एक फेरी आणि वस्तीचा एक दिवस आरामात बसतो. फेरीच्या मधोमध खेळ बंद करू नका, यंत्र स्लीपवर टाका आणि बाकीचं संध्याकाळी संपवा. उभ्याने मात्र नको. कोलांटीची वेळ साधायला दोन्ही हात मोकळे लागतात. घरी लॅपटॉपवर खेळणार असाल तर कीबोर्डने चालतं, पण कंट्रोलरवर नेम आणि कोलांटी दोन्ही सुधारतात.

घणसोली-खारघरला तिघं-चौघं मिळून फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना दोघांचा खेळ आवडेल. दुसरा खेळाडू बकरा होतो आणि डंजनमध्ये बरोबरीने लढतो. दोघांना एकाच पडद्यासमोर बसावं लागतं. ऑनलाइन जोडीची सोय खेळात नाही, स्टीम या खेळांच्या दुकानातून घेतला असेल तर त्याची रिमोट प्ले सोय वापरून ती भागवता येते. मराठी किंवा हिंदी भाषा नाही, पण इंग्रजी सोपं आहे आणि बहुतेक गोष्टी चित्रांवरून कळतात.

आणि पालकांसाठी: मुखपृष्ठावरचं कोकरू पाहून सात-आठ वर्षांच्या मुलाला हा खेळ घेऊन देऊ नका. रक्त आहे, बळी आहेत, मेलेल्या अनुयायाचं मांस शिजवून वाढायचीही सोय आहे. त्या वयाला या खेळातल्या रटाऊ नावाच्या उंदराचा फासे टाकायचा डाव तेवढा शिकवा, कागद-पेन्सिल आणि दोन साधे फासे पुरतात. दोघांकडे तीन बाय तीनचा चौकोन, आळीपाळीने फासा टाकून आकडा आपल्या एका उभ्या रांगेत ठेवायचा. रांगेत तोच आकडा दोनदा आला तर प्रत्येकाची किंमत दुप्पट, तिन्ही सारखे आले तर तिप्पट, आणि तुम्ही ठेवलेला आकडा समोरच्याच्या त्याच रांगेत असेल तर त्याचे तिथले तसले सगळे आकडे उडतात. एकाचा चौकोन भरला की डाव संपतो आणि बेरीज करायची.