क्लॅट पुन्हा द्यायची: पूर्ण ड्रॉप की लॉ कॉलेज धरून तयारी?

बारावीच्या वर्षी क्लॅट (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची, म्हणजे एनएलयूंची, डिसेंबरमध्ये होणारी प्रवेश परीक्षा) दिली, रँक हवी तशी आली नाही. एमएच सीईटी लॉच्या (राज्याच्या लॉ प्रवेश परीक्षेच्या) मार्कांवर जवळपासचं एखादं कॉलेज मिळतंय. ते घेऊन कडेकडेने डिसेंबरची तयारी करायची, की ड्रॉप, म्हणजे कुठेही प्रवेश न घेता वर्षभर फक्त क्लॅट? घरात या प्रश्नावर दोन तट पडलेले असतात आणि दोन्हीकडचा युक्तिवाद 'वर्ष वाया जाईल' या एका वाक्यावर थांबतो. खरा हिशोब तासांचा आहे. तो नीट मांडला की निर्णय बराच सोपा होतो.

आधी एक सरळ बाब. पहिल्या वर्षाला प्रवेश घेऊन मग एनएलयू मिळाली, तरी तिथे सुरुवात पुन्हा पहिल्या वर्षापासूनच होते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांनी लॉच्या मधल्या वर्षात थेट प्रवेश बंद केला आहे. म्हणजे क्लॅट निघाली तर दोन्ही मार्गांत वर्ष जातंच. कॉलेज धरून ठेवण्याचा फायदा दिसतो तो क्लॅट निघाली नाही तर. तेव्हा हाताशी पहिलं वर्ष झालेलं असतं. कॉलेजची सीट हा विमा आहे आणि त्याचा हप्ता अभ्यासाच्या तासांत भरावा लागतो. हप्ता किती, हे पुढे.

मार्क कुठे गेले ते आधी पाहा

मागच्या डिसेंबरचा पेपर आणि अंतिम उत्तरतालिका समोर ठेवा. चुकलेला किंवा सोडलेला प्रत्येक प्रश्न चारांपैकी एका खणात टाका: वेळच उरला नाही, उतारा नीट समजला नाही, दोन पर्यायांत फसलो, माहितीच नव्हती. पूर्ण एक दिवस लागतो. 'माझं लीगल कच्चं आहे' अशा ढोबळ निदानावर वर्षाचा निर्णय घेण्यापेक्षा तो दिवस खर्च करावा.

क्लॅटचा पेपर 120 मिनिटांत 120 प्रश्नांचा. चालू घडामोडी आणि लीगल रीझनिंग प्रत्येकी 28 ते 32, इंग्रजी आणि लॉजिकल प्रत्येकी 22 ते 26, गणित 10 ते 14. गणित सोडलं तर जवळपास सगळं उताऱ्यांवर. एकेक उतारा साधारण 450 शब्दांपर्यंतचा आणि असे बावीसेक उतारे. म्हणजे प्रश्न आणि पर्याय बाजूला ठेवले तरी दहा हजारांच्या घरात इंग्रजी शब्द. मिनिटाला 200 शब्दांच्या वेगाने वाचणाऱ्याची 50 मिनिटं इथेच जातात. ओएमआर उत्तरपत्रिकेवर एक गोळा भरायला पाच सेकंद धरले तरी 120 गोळ्यांची 10 मिनिटं. उरला एक तास, प्रश्नाला 30 सेकंद. वेग 250 शब्दांवर गेला की वाचनाची 10 मिनिटं वाचतात आणि प्रश्नाला 35 सेकंद मिळतात. पाच सेकंद किरकोळ वाटतात, पण पेपर पूर्ण होणं आणि शेवटचे पंधरा प्रश्न डोळे मिटून भरणं यांतला फरक बहुतेकदा एवढाच असतो.

म्हणून 'वेळ उरला नाही' आणि 'उतारा समजला नाही' हे खण भरलेले असतील, तर दुखणं वाचनाचं आहे. मराठी किंवा सेमी माध्यमातून आलेल्यांचं बरेचदा हेच असतं. वाचन हळू सुधारतं आणि त्याला रोजचे मोकळे तास लागतात. याउलट 'माहिती नव्हती' आणि गणित या खणांत गर्दी असेल, तर ती तूट कॉलेज करूनही भरून निघते. क्लॅटचं गणित दहावीच्या पातळीचं आहे: टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी, तक्ते वाचणं. दोन महिने रोज अर्धा तास पुरे.

'दोन पर्यायांत फसलो' हा खण वेगळा. तिथे तासांपेक्षा निगेटिव्ह मार्किंगची समज कमी पडलेली असते. चुकीला पाव मार्क जातो. चारही पर्याय अंधारात असतील तर ठोकून दिलेल्या उत्तरातून सरासरी 0.06 मार्क मिळतो, म्हणजे जवळजवळ शून्य. दोन पर्याय खात्रीने खोडले असतील तर तोच आकडा 0.37 वर जातो. दोन खोडूनही प्रश्न कोरा सोडणाऱ्यांनी मागच्या वेळी किती मार्क टेबलावर ठेवून दिले, ते याच खणातून मोजता येतं.

तासांचा हिशोब

लॉचे कॅप राउंड (सीईटीवरच्या केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या) लांबतात, हे आता अंगवळणी पडलं आहे. जून-जुलैमध्ये कॉलेज घेणारा आणि ड्रॉप घेणारा, दोघांचाही दिवस जवळपास सारखाच मोकळा असतो. वाटा फुटतात ऑगस्टच्या आसपास. गेल्या तीन वेळा क्लॅट डिसेंबरच्या पहिल्या रविवारी झाली (3 डिसेंबर 2023, 1 डिसेंबर 2024, 7 डिसेंबर 2025). तेव्हा ऑगस्ट ते नोव्हेंबर हे 17 आठवडे पाहू.

| | पूर्ण ड्रॉप | कॉलेज धरून |
|---|---|---|
| आठवड्याचे तास | 36 (सहा दिवस, रोज 6) | 20.5 (पाच दिवस अडीच, शनिवारी 3, रविवारी 5) |
| प्रत्यक्ष हाती येणारे आठवडे | 16 | 14 |
| एकूण तास | 576 | 287 |
| वर्तमानपत्र, आठवड्याला 6 तास | 102 | 102 |
| मॉक (सराव परीक्षा), विश्लेषणासह प्रत्येकी 5 तास | 25 मॉक, 125 | 16 मॉक, 80 |
| सरावासाठी उरलेले | 349 | 105 |

ड्रॉपचा एक आठवडा गणपती-दिवाळीत जातो. कॉलेजवाल्याचे तीन जातात, कारण अंतर्गत परीक्षा आणि असाइनमेंट्स त्यात येतात. वर्तमानपत्र मात्र गेलेल्या आठवड्यांतही चुकवायचं नाही, म्हणून ते दोन्हीकडे पूर्ण 17 आठवड्यांचं धरलं आहे.

शेवटची ओळ पाहा. एकूण तास निम्मे होतात, पण सरावाचे तास एक तृतीयांशाच्याही खाली येतात, कारण वर्तमानपत्र वाचणं आणि मॉक हा खर्च दोघांनाही चुकत नाही. कॉलेजवाल्याने हट्टाने 25 मॉक दिले तर सरावाला अवघे 60 तास उरतात. म्हणून त्याने आठवड्याला एकच मॉक द्यावा आणि तो पूर्ण तपासावा. विम्याचा हप्ता आहे तो एवढा.

105 तासांत काय होतं? एक कच्चा विभाग सुधारतो, फार तर दीड. इंग्रजी वाचन, लॉजिकल आणि चालू घडामोडी या तिन्हींत मार्क गेले असतील तर 105 तास अपुरे आहेत. तिथे कॉलेज धरून तयारी म्हणजे दोन्ही डगरींवर हात.

पूर्ण ड्रॉप कुठे फसतो

रोज दहा तासांचं वेळापत्रक लिहिणारे पंधरा दिवसांत ढेपाळतात. क्लॅटसाठी सहा तास खरे तर भरपूर आहेत, पण ते सहाच्या सहा मोजून झाले पाहिजेत. ड्रॉपमध्ये दिवसाला बाहेरून शिस्त लावणारं काही नसतं, त्यामुळे उठण्याची वेळ सरकत सरकत दहावर जाते.

दुसरी फसगत म्हणजे 'आधी सिलॅबस पूर्ण करू, मग मॉक'. क्लॅटला तसा पूर्ण करण्याजोगा सिलॅबसच नाही. पहिला मॉक जूनमध्ये द्या. क्लॅट दुपारी 2 ते 4 असते, म्हणून मॉकही त्याच वेळेला, कागदावर, ओएमआरसह. जेवणानंतरची सुस्ती हीसुद्धा पेपरचाच भाग आहे, तिची सवय घरी करावी. त्याच संध्याकाळी तीन तास विश्लेषण. दुसऱ्या दिवसावर ढकललं की आपण तो पर्याय का निवडला होता हेच आठवत नाही आणि मग उरते ती फक्त उत्तरतालिकेची उजळणी.

तिसरी चूक खास दुसऱ्यांदा बसणाऱ्यांची आहे. मागच्या वर्षीचेच मॉक पुन्हा सोडवले की स्कोअर दहा-बारा मार्कांनी वाढलेला दिसतो. ती प्रगती नसते, उतारे ओळखीचे झालेले असतात. जुने मॉक विभागवार सरावाला वापरा. प्रगती मोजायची ती न पाहिलेल्या पेपरवर.

कॉलेज धरून तयारी कुठे फसते

हजेरीत. बार कौन्सिलच्या नियमात प्रत्येक विषयाला 70 टक्के हजेरीची अट आहे. तिच्यावर कोर्टात वाद झाले असले तरी वर्गात हजेरी घेतली जातेच. 'कॉलेजला नावापुरतं जाऊ' हा बेत प्रवेशाआधीच त्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारून पडताळा. सकाळचे वर्ग असतील तर दुपार मोकळी मिळते आणि 2 ते 4 चा मॉक आठवड्याच्या मधल्या दिवशीही बसतो. दिवसभर विखुरलेलं वेळापत्रक असेल तर वरच्या तक्त्यातले अडीच तासही निघणार नाहीत. प्रवासही धरा. कल्याणहून चर्चगेटला जाणाऱ्याचे रोजचे तीन तास लोकलमध्येच जातात. गर्दीत वर्तमानपत्र वाचता येतं, लॉजिकलचा सराव होत नाही.

दुसरी अडचण सेमिस्टरची. पहिल्या सेमिस्टरची परीक्षा क्लॅटच्या आगेमागे येण्याची शक्यता बरीच असते. वर्गातलं टॉर्ट्स (नागरी अपकृत्यांचा कायदा) किंवा करार कायदा क्लॅटला उपयोगी पडेल, ही आशा फारशी खरी नाही. लीगल रीझनिंगच्या उताऱ्यात दिलेला नियमच लावायचा असतो. वर्गात शिकलेला अपवाद तिथे घुसवला की उत्तर चुकतं. लॉच्या पहिल्या वर्षाला असलेले हुशार विद्यार्थी नेमके याच विभागात मार्क घालवतात.

या मार्गावर जायचंच असेल तर तास सकाळी काढा. सहा ते साडेआठ हे अडीच तास कॉलेजच्या आधीचे. संध्याकाळी थकून आल्यावर उतारे वाचण्याचा वेग मोजला तर तो सकाळपेक्षा कमी भरतो, आणि रोज मंद वाचायचा सराव केला की तीच गती मुरते.

निर्णय मे महिन्यात घेण्याची गरज नाही

जून-जुलै दोघांनाही मोकळे असल्याने कॅपचा फॉर्म भरा, पर्याय टाका आणि दोन महिने पूर्णवेळ अभ्यास करा. आठवड्याला एक याप्रमाणे न पाहिलेले आठ मॉक होतात. शेवटच्या चारांची सरासरी पहिल्या चारांपेक्षा सहा-सात मार्कांनी वर असेल आणि चुका एक-दोन खणांतच उरल्या असतील, तर सीट घ्या. उरलेलं काम 105 तासांत बसेल. सरासरी जागेवरच असेल तर दोन प्रश्न उरतात: वाचनाचा वेग वाढतोय का, आणि घरी बसून सहा तास खरोखर होतायत का. वेग वाढतोय, तासही होतायत, तर ड्रॉपला अर्थ आहे. तासच होत नसतील तर पुढच्या चार महिन्यांत ते आपोआप होणार नाहीत. मग सीट सोडू नये.

मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय किंवा पुण्याचं आयएलएस एवढंच लक्ष्य असेल, तर क्लॅटसाठी ड्रॉप घेण्यात काहीच हशील नाही. तिथला प्रवेश सीईटीवर होतो आणि सीईटीची जात वेगळी. 2025 पासून पाच वर्षांच्या कोर्सचा पेपर 120 प्रश्नांचा आहे, लीगल आणि लॉजिकल प्रत्येकी 32, सामान्य ज्ञान आणि इंग्रजी प्रत्येकी 24, गणित 8. प्रश्न छोटे आणि थेट, संविधानाची कलमं आणि पाठांतराचं सामान्य ज्ञान बरंच, पेपर मराठीतही उपलब्ध. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. क्लॅट झाल्यावर सहा आठवडे संविधान आणि स्थिर सामान्य ज्ञानाला दिले तरी बऱ्यापैकी तयारी होते. ड्रॉपवाल्याचा विमा हाच: डिसेंबरनंतर पुढची सीईटी. आधी पदवी आणि मग तीन वर्षांचं एलएलबी हाही मार्ग आहे, पण तो वेगळ्याच माणसासाठी, ज्याला वकिलीबद्दलच अजून खात्री नाही.

जुन्या नोट्सबद्दल. चालू घडामोडींच्या मागच्या वर्षीच्या वह्या रद्दीत टाका. लीगलची जुनी गाइडं असतील तर त्यांतल्या दंडविधानाच्या कलमांवर भरवसा ठेवू नका. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. खुनाची शिक्षा 302 ऐवजी 103 मध्ये, फसवणुकीचं 420 आता 318(4). क्लॅटला कलम पाठ लागत नाही, सीईटीला लागू शकतं.

निकालाच्या तारखेवरही पुढचे बेत बांधू नका. डिसेंबर 2024 च्या पेपरच्या उत्तरतालिकेचा वाद दिल्ली उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे 2025 पर्यंत चालला. तोवर वाट पाहत बसलेल्यांनी सीईटी बुडवली असती तर दोन्हीकडून गेले असते.

राहिली कागदपत्रं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांत राज्याच्या रहिवाशांसाठी जागा आहेत, तेव्हा डोमिसाइल आत्ताच काढून ठेवा. मागच्या वर्षीचं नॉन-क्रिमिलेअर यंदा चालेलच असं नाही, त्यावरची मुदत पाहा. ड्रॉप घेतलात तर अनेक कॉलेजं गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात. कॉलेज धरलंत तर मूळ मार्कशीट आणि दाखला तिथे जमा होतो. एनएलयूची सीट लागल्यावर प्रवेश रद्द करून तो सोडवून घ्यायला, शिवाय विद्यापीठाचं मायग्रेशन प्रमाणपत्र काढायला दिवस लागतात. प्रवेश घेतानाच सगळ्याच्या साक्षांकित प्रती आणि स्कॅन करून घ्या आणि किती तारखेपर्यंत रद्द केलं तर किती फी परत मिळते, ते लेखी विचारा.